पास्ता ग्रॅममधे, तेल अंदाजानं

पास्त्याच्या पाकिटामागे जो आकडा छापलेला असतो ना, 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, तो सुक्या पास्त्याचा असतो. एवढी साधी गोष्ट, पण कॅलरी मोजायचं ॲप उघडलं की सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कारण तोच पास्ता उकळून चाळणीत ओतला की 100चा सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम होऊन बसतो, आणि वरचं सगळं वजन निव्वळ नळाचं पाणी, शून्य कॅलरीचं. म्हणजे शिजलेल्या 100 ग्रॅममधे दीडशेच्या आसपासच उरल्या. आता ॲपमधे 'पास्ता' टाइप करा, ढीगभर नोंदी येतात, आणि कोणती सुक्याची कोणती शिजलेल्याची हे धड लिहिलेलंच नसतं. ताटातला शिजलेला दीडशे ग्रॅम सुक्याच्या नोंदीत टाकला तर सव्वापाचशे दिसतात, माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी नाश्ताच करत नाही. उलटं झालं, सुका 100 ग्रॅम शिजलेल्याच्या नोंदीत गेला, तर दोनशे कॅलरी हवेत गायब, आणि त्या आनंदात माणूस आमच्या नागपुरात धरमपेठेत जाऊन आइस्क्रीम खाऊन येतो.

म्हणून मोजायचा तो सुकाच. शिजलेल्याचा भरवसा नाही, कारण पाणी किती प्यायचं हे पास्ता प्रत्येक वेळी वेगळं ठरवतो. इटलीतली माणसं दाताला जरा लागेल असा ठेवतात, तो कमी पाणी पितो. आमच्या आईला बोटानं दाबला की चेपला पाहिजे, तिच्या हातचा पास्ता त्यामुळे काट्यावर वजनदार भरतो आणि कॅलरी तेवढ्याच. वाटीनं मोजायचं तर विचारूच नका, एक वाटी मॅकरोनी आणि एक वाटी पेने यांत वेगवेगळा माल बसतो, पेनेच्या नळ्या आडव्यातिडव्या पडतात आणि मधे नुसती हवा. स्पॅगेटी तर वाटीत मावतच नाही, तिची जुडी साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढी जाड धरली की पंचावन्न-साठ ग्रॅम होते, म्हणजे अमेरिकेत एका माणसाचं प्रमाण म्हणून जे दोन औंस सांगतात ते, दोनशे कॅलरी. इटलीत 80 ग्रॅम म्हणतात. आमच्याकडे 56 ग्रॅम पास्ता ताटात वाढला तर पाहुणा विचारेल, हे चाखायला दिलं का?

मी काटा काढते तेव्हा आई हमखास येऊन उभी राहते. "काय व, सोनं तोलून राहिली का? इतवारीत सराफ्यातही एवढं वाकून पाहत नाहीत." तिचं स्वतःचं माप मूठ, आणि खरं सांगू का, तिची मूठ बरीच पक्की आहे, भाताला माणशी एक आणि वरून एक भांड्याची. ती वरची एक मूठ कोणाच्या नावावर लिहायची ते मात्र ॲप सांगत नाही.

एकट्यासाठी शिजवणाऱ्याचं सोपं असतं हो, ७५ ग्रॅम घ्या, उकळा, खा. खरी गंमत घरच्या कढईची. चौघांचा पास्ता एकत्र, त्यात कांदा, शिमला मिरची, टमाटर, सॉस, आता माझ्या ताटात नेमकं किती आलं? याला एक रीत आहे आणि ती मला मनापासून आवडते. रिकाम्या कढईचं वजन एकदाच करून फ्रिजवर चिकटवून ठेवायचं. समजा 900 ग्रॅम. सुका पास्ता 300 ग्रॅम घातला. सगळं झाल्यावर कढईसकट तोललं तर 2100 भरलं, म्हणजे आतला माल 1200. त्यातला 300 ग्रॅम मी घेतला तर बरोबर पाव हिस्सा, म्हणजे 75 ग्रॅम सुका, झाल्या 260 कॅलरी. पाणी किती प्यायला, किती आटलं, काही फरक पडत नाही. फक्त गरम कढई काट्यावर ठेवताना खाली लाकडी पाट ठेवा आणि आधी झिरोचं बटण दाबा, नाहीतर पाटाचंही वजन जेवणात येतं.

पण तोपर्यंत तेल पडून गेलेलं असतं. इथेच मला हसू येतं, पास्ता एकेक नळी उचलून 75 वर आणायचा आणि तेलाची बाटली मात्र कढईवर गोल फिरवायची. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. तीन चमचे पडले की 100 ग्रॅम सुका पास्ता जास्तीचा खाल्ल्यासारखंच झालं. आणि ऑलिव्ह काय, जवस काय, सोयाबीन काय, ग्रॅमला नऊच, महाग तेल हलकं असतं हा गैरसमज भल्याभल्यांचा आहे. तेल मोजायची युक्ती एकदम सोपी, भरलेली बाटली काट्यावर ठेवा, झिरो करा, तेल ओता, बाटली परत ठेवा, काटा उणे 14 दाखवतो, म्हणजे एक चमचा गेला. तरी लोक करत नाहीत, कारण आकडा आवडत नाही.

आणि तेलावर चीज. आणि चीजवर आमचा दादा. त्याचं म्हणणं पास्ता पचपचीत लागते, म्हणून एका रविवारी पोह्यासाठी आणलेली तर्री त्यानं सरळ पास्त्यावर ओतली. "बाप्पा, आता कुठं चव आली!" वहिनीनं कपाळाला हात लावला, मुलांनी मात्र ताट चाटून साफ केलं. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं तेलच की हो, ते कोणत्या नोंदीत टाकणार?

तसंही हे आकडे सोन्याच्या तोळ्याइतके पक्के नसतातच. कार्बोहायड्रेट ग्रॅमला चार, प्रोटीन चार, फॅट नऊ, हा हिशोब ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवला, आणि ती सरासरी आहे. त्यामुळे 74 का 75 यावर रक्त आटवण्यात अर्थ नाही, पण चमचा का तीन चमचे यावर आटवावं थोडं. मला वाटतं काट्यानं निदान हे तरी कळतं की कुठं डोळे उघडे ठेवायचे.

पास्ता गाळताना आई परत आली. चाळणीखालून ते पांढरट पाणी सिंकमधे चाललेलं बघून म्हणाली, "आणि ही पेज फेकून राहिली, यातलं किती गेलं ते मोजलं का?" प्रश्न बरोबर होता, थोडा स्टार्च पाण्यात जातोच. मी वाटीभर पाणी काढून सॉसमधे घातलं, इटलीतही घालतात, सॉस छान चिकटून बसतो. बाकीच्या गेलेल्या पेजेच्या कॅलरी, ज्या मी खाल्ल्या नाहीत पण सुका मोजल्यामुळे माझ्या नावावर लिहिल्या गेल्यात, त्या दादाच्या तर्रीच्या खात्यात वळत्या करून टाकल्या.