चिडायला विसरलेली जखम

मला ड्रेसिंग शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, "जखम जरा चिडली पाहिजे गं. गप्प बसलेल्या जखमेची मला भीती वाटते." मी तेव्हा नवीन होते. लाली वाईट, सूज वाईट, एवढं घोकून आलेली. मनात म्हटलं, असेल जुन्या लोकांचा आडाखा.

आता चौदा वर्षं झाली. मधुमेहींच्या पायाच्या जखमा रोज बघते. हल्ली प्रबंधाच्या निमित्ताने या जखमांतल्या रोगप्रतिकारक पेशींवरचं संशोधन चाळत होते. व्हीओएसव्ह्यूअर नावाचं सॉफ्टवेअर शेकडो शोधनिबंधांतले शब्द घेऊन वर्तुळांचा नकाशा काढून देतं. जो शब्द जास्त वेळा येतो, त्याचं वर्तुळ मोठं. माझ्या नकाशात मधोमध मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी, ऐसपैस बसला होता आणि टी-पेशी, मास्ट पेशी कडेला अंग चोरून. (रंगीत नकाशा बघून आपण फार काही केलंय असं वाटतं. केलेलं सगळं संगणकाने असतं.)

मॅक्रोफेजचा एवढा बोलबाला का, ते समजण्यासारखं आहे. साधी जखम झाली की काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात आणि स्वतःही मरतात. दिवस-दोन दिवसांत मॅक्रोफेज येऊन ती मढी गिळतात, आणि हे गिळताना त्यांचा स्वभावच पालटतो. आधी भांडणारे, मग बांधकामाला लागणारे. या दोन स्वभावांना २००० साली अनुक्रमे एम-१ आणि एम-२ अशी नावं मिळाली. मधुमेही उंदरांच्या जखमांत ही गिळण्याची क्रिया मंदावते, असं २०१० मध्ये दिसलं. मढी साचतात, भांडण संपत नाही, बांधकाम सुरू होत नाही. न्यूट्रोफिलची आणखी एक खोड म्हणजे मरताना स्वतःच्या डीएनएचं जाळं फेकणं. ते २००४ मध्ये सापडलं. मधुमेहात ही जाळी जास्त पडतात आणि जखम भरण्याच्या आड येतात, हे २०१५ च्या एका अभ्यासात आलं. जाळं विणायला लागणारं पॅड-४ हे विकर ज्या उंदरांत नव्हतं, त्यांच्या जखमा लवकर भरल्या.

त्यामुळे बराच काळ गोष्ट सरळ होती: एम-१ खलनायक, एम-२ नायक, दाह (म्हणजे जखमेचं चिडणं) दाबा. मला ती कधीच पूर्ण पटली नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या कित्येक जखमा चिडलेल्या नसतातच. फिकट तळ, कडेला जाड घट्टा, वर पिवळट चिकट थर, महिनोन्महिने जैसे थे.

म्हणून २०२० चा एक निबंध वाचताना मी खुर्चीत ताठ बसले. संशोधकांनी मधुमेही पायांच्या जखमा माणसांच्याच त्वचेवरच्या आणि तोंडातल्या ताज्या जखमांशी ताडून पाहिल्या. मधुमेही जखमांत फॉक्सएम-१ हा जनुकांचं काम चालवणारा नियामक दबलेला होता, आणि न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज हवे तेवढे जमतच नव्हते. दोन वर्षांनी एकेका पेशीची जनुकं वाचणारा अभ्यास आला. ज्यांच्या जखमा भरल्या, त्यांच्यात एम-१ कडे झुकलेले मॅक्रोफेज जास्त सापडले. खलनायकच! सिस्टर तोवर निवृत्त झाल्या होत्या, नाहीतर त्याच रात्री फोन केला असता.

तरी माझ्या सोयीचं तेवढंच सांगणं बरं नव्हे. २०२१ मध्ये एका मलमाची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वनस्पतींचे अर्क, काम एम-१ ला आवरण्याचं. २३६ रुग्णांत सोळा आठवड्यांनी मलमवाल्यांपैकी ६०.७ टक्क्यांच्या जखमा पूर्ण भरल्या, शोषक ड्रेसिंगवाल्यांपैकी ३५.१ टक्क्यांच्या. म्हणजे आवरूनही भरतात. माझा अंदाज असा की प्रश्न वेळेचा आहे. चिडायचं तेव्हा चिडत नाहीत, थांबायचं तेव्हा थांबत नाहीत. एका दिवशी घेतलेल्या जखमेच्या तुकड्यात हे दिसणार कसं? आणि उंदरावर किती विसंबायचं? त्याची सैल कातडी आकसून जखम मिटते, आपल्या तळपायाला ती सोय नाही.

आणि सिस्टरांचं "चिडणं" म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. लाली पसरतेय, पाय तापलाय, पू येतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर. तिथे वाट बघणं नाही.

ब्लेडने घट्टा आणि मेलेला थर खरवडतो, तेव्हा तळातून ताजं रक्त झिरपतं. अडून बसलेली जखम आपण पुन्हा नवी करतो. एवढ्या वाचनानंतर या जुन्या कामाबद्दलचा माझा आदर वाढला. खरवडताना मी नेहमी विचारते, "दुखतंय का काका?" बहुतेकदा उत्तर येतं, "झालं का सुरू?"

हे उत्तर मी इतकी वर्षं फक्त मधुमेहाने पायाला आलेल्या बधिरपणाची खूण म्हणून नोंदवत आले. पण चेतातंतूंच्या टोकांतून सबस्टन्स पी नावाचं रसायन सुटतं आणि ते प्रतिकारपेशींनाही साद घालतं. दुखण्याची तार तुटते, तेव्हा ही हाकही क्षीण होते. माझ्या नकाशात चेतातंतूंचं वर्तुळ होतं अगदी कोपऱ्यात, मुगाएवढं. प्रबंधाचा विषय आता तिकडे सरकवायचा म्हणते. मार्गदर्शकांना अजून सांगितलेलं नाही.