आईचं गंठण, "गहाळ" हा शब्द आणि माझे ११ दिवस

एफआयआर नोंदवायला मला ११ दिवस लागले. चोर सापडायला नाही, नुसतं "चोरी झाली" एवढं कागदावर यायला. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं लिहितेय. पोलीस स्टेशनचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे एका स्टेशनपुरतं नाहीये असं माझं आता पक्कं मत झालंय.

मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न होतं. आई गावाकडून एसटीने सोलापूरला येत होती, लग्नसराई आणि शाळेच्या सुट्ट्या, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. गंठण डबीत, डबी पर्समध्ये, पर्स कापडी पिशवीत साड्यांच्या खाली, असं तिने नीट ठेवलं होतं. सोलापुरात उतरून रिक्षात बसली आणि पिशवी मांडीवर घेतली तर बोटं खालून आत गेली. ब्लेडने कापलेलं, एकदम सरळ, चार बोटं लांब, कडेचा एक धागासुद्धा निघालेला नाही. आतली पर्स पण त्याच रेषेत कापलेली. अडीच तोळ्याचं गंठण होतं, बाबा गेल्यानंतर तिने ते कधी मोडलं नाही, माझ्या फीच्या वेळीही नाही.

तशीच पोलीस स्टेशनला गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "मावशी, बसला कुठं चढलात? मग ती ग्रामीणची हद्द, तिकडं जावा." दुसऱ्या दिवशी कामावर सुट्टी टाकली, मी एका युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये अकाउंट्स बघते, आणि आईला घेऊन तालुक्याला गेले. तिथं दोन तास बसवलं आणि सांगितलं, तुम्हाला कळलं सोलापुरात ना, मग गुन्हा सोलापूरचा. परत सोलापूर. तिसऱ्या दिवशी तिथं दुसरे अंमलदार होते, ते बोलायला चांगले होते, पाणी पण दिलं, आणि म्हणाले, "ताई, कशाला त्रास करून घेता, गहाळचा दाखला देतो, पाच मिनिटात होतंय."

हा "गहाळ" शब्द नीट समजून घ्या. गहाळ म्हणजे हरवलं, म्हणजे वस्तू तुमच्या हातून कुठंतरी पडली. त्यात गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणजे तपास नाही, कुणाला शोधायचं नाही. मोबाईल चोरीला गेला की बहुतेक जणांना हाच दाखला मिळतो आणि आपण पण सिमकार्ड मिळालं की गप बसतो. आईने पिशवी टेबलावर उलटी करून दाखवली आणि म्हणाली, "साहेब, हे पडलंय का? ही पिशवी आपोआप फाटली का?" ते काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात त्यांनी जे सांगितलं त्याने मला सगळ्यात जास्त कळलं. म्हणाले, गुन्हा दाखल केला की तो आमच्या खात्यावर चढतो, महिन्याच्या क्राइम मीटिंगला साहेबांना विचारतात की चोऱ्या का वाढल्या, डिटेक्शन (म्हणजे उघडकीस आलेले गुन्हे) किती, पेंडिंग किती. बसमधली चोरी सापडायची शक्यता कमी. मग कोण घेणार अंगावर?

म्हणजे बघा, जे स्टेशन प्रामाणिकपणे प्रत्येक चोरी लिहून घेईल ते कागदावर वाईट दिसणार, आणि जे लोकांना परत पाठवेल तिथं शांतता दिसणार. त्या अंमलदारांचा मला राग आला होता पण ते टेबल सोडून दुपारी चार वाजता डबा उघडत होते, सकाळी सातपासून तिथंच होते. दोष माणसात आहे तेवढाच त्या हिशोबात पण आहे.

आमच्या मालकांच्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, एका कागदावर लिहून दिलं आणि तो कागद मी अजून ठेवलाय. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती हद्द कुठलीही असो, घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, नंतर ते कागद ज्याची हद्द त्याला पाठवतात, तो त्यांचा आपापसातला विषय, आपण बसच्या फेऱ्या मारायच्या नाहीत. एफआयआरची कॉपी फुकट द्यायची. प्रवासी गाडीतून चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. आणि हे काही आजचं नाही, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच ललिता कुमारी केसमध्ये सांगितलंय की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर बंधनकारक आहे. हे सगळं ऐकून मला हलकं वाटायच्या ऐवजी रडू आलं, कारण मग आम्ही तीन दिवस काय मागत होतो? जे आधीच आमचं होतं तेच.

पुढं काय केलं ते सांगते. साध्या मराठीत अर्ज लिहिला, तारीख, वेळ, बसचं तिकीट (आईने तिकीट टाकलं नव्हतं, हे फार कामाला आलं), पिशवीचे फोटो, सोनाराची जुनी पावती. दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मागितला. शिक्का द्यायला अर्धा तास टाळाटाळ झाली, "साहेब आल्यावर", मी म्हटलं थांबते. थांबले. शिक्का मिळाला. शिक्क्याशिवाय अर्ज दिला तर तो दिलाच नाही असं समजा. मग तोच अर्ज कलम १७३(४) लिहून वरिष्ठ अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टने पाठवला, पोस्टाची पावती शिक्क्याच्या प्रतीला स्टेपल केली. त्यानंही झालं नसतं तर कोर्टात मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) खाली अर्ज, वकिलांनी तो मसुदा करून पण ठेवला होता. गरज पडली नाही. अकराव्या दिवशी स्टेशनमधून फोन आला, "मॅडम, आईंना घेऊन या, फिर्याद घेऊ."

फिर्याद लिहिताना लक्ष ठेवा. कॉम्प्युटरवर पटापट टाईप होतं आणि सही करा म्हणतात. मी म्हटलं वाचून दाखवा. गंठणाच्या पुढं "जु.वा.किं.अं." असं लिहून एक आकडा होता, म्हणजे जुनी वापरती किंमत अंदाजे, आणि तो आकडा आजच्या भावाच्या निम्मा पण नव्हता. म्हटलं सोन्याला वापरती किंमत कशी असेल ओ, ते काय झिजतं का? वजन लिहा, पावती जोडा. बदललं त्यांनी. आणि एका ओळीत "पर्स गहाळ होऊन" असं परत आलंच होतं, आईने बोट ठेवलं त्याच्यावर. ती चौथी शिकलीय पण तो शब्द तिला आता लांबून ओळखू येतो.

मग कळलं की अकरा दिवसांत काय गेलं. ती बस जिथं थांबते तिथं एका दुकानाबाहेर कॅमेरा आहे, बसचं दार त्यात येतं. पहिल्या दिवशी मी दुकानदारांना विचारलं होतं, ते म्हणाले पोलिसांचं पत्र आणा, लगेच देतो. पत्र घेऊन हवालदार गेले तोपर्यंत त्याच्यावर नवीन रेकॉर्डिंग चढलं होतं. दहाच दिवसांचं राहतं त्यांच्याकडे. मला चोराचा एवढा राग नाही जेवढा या एका दिवसाचा आहे.

आपल्या सोलापूरला पोलीस म्हणजे काय असू शकतात हे नव्याने सांगायला नको. इंग्रजांनी इथं लावलेला १९३० चा मार्शल लॉ (लष्करी कायदा) आपण शाळेत शिकलो, त्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जातो. ते राज्य परक्यांचं होतं, तेव्हाचे पोलीस वरच्या साहेबाला उत्तर देत होते, लोकांना नाही. मग आता पण स्टेशनचं लक्ष वरच्या मीटिंगकडेच का? प्रकाश सिंह हे स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले अधिकारी, त्यांनी पोलीस सुधारणांसाठी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली, २२ सप्टेंबर २००६ ला कोर्टाने सात निर्देश दिले. त्यातले काही असे: अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं एका जागी ठेवा, बदल्या पुढाऱ्यांच्या मर्जीवर नको, पोलिसांविरुद्धच्या तक्रारीसाठी वेगळं प्राधिकरण करा, आणि तपास करणारे पोलीस बंदोबस्ताच्या पोलिसांपासून वेगळे ठेवा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तक्रार प्राधिकरण आणलं. पण मला यातला तपास आणि बंदोबस्त वेगळा करण्याचा मुद्दा सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो मी बघितला.

आमच्या तपासाचे हवालदार आधी कुठल्या तरी सभेच्या बंदोबस्ताला होते, मग आषाढीला पंढरपूरला. फोन केला तर मागे टाळ वाजत होते, म्हणाले, "ताई, वारी संपू दे, मग बघतो." बिचारे पावसात उभे होते, त्यांना काय बोलणार. वारीला पोलीस पाहिजेतच की. पण मग आईच्या फाईलला पण कोणीतरी पाहिजे ना, ज्याचं तेवढंच काम असेल?

कायद्यात असंही आहे की ९० दिवसांत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवायचं. फोन आला नाही म्हणून ९२ व्या दिवशी आम्हीच गेलो, शिक्क्याची प्रत, एफआयआरची कॉपी सगळं घेऊन. कळलं की तपास आता दुसऱ्या साहेबांकडे दिलाय. ते तरुण होते, समोर फाईलींचा ढीग, आमची शोधून काढली पण उघडली नाही. म्हणाले, "मावशी, सांगा बघू पहिल्यापासून."

आईने पदर सावरला आणि बसमध्ये कुठल्या सीटवर बसली होती तिथून सुरुवात केली.