वडिलांचं नाव, लाल स्टार आणि आमच्या घरातल्या दोन आया: शाळाप्रवेशाचा माझा अनुभव

लेकीचं नर्सरीचं अ‍ॅडमिशन झालं एकदाचं. फी भरली, युनिफॉर्म आला, आयकार्ड आलं, आणि तरी माझं डोकं अजून थंड झालेलं नाही म्हणून हे लिहायला बसलेय. दोन आया असलेली आमच्यासारखी अजूनही घरं असणार आणि प्रत्येक घर हे सगळं नव्याने शोधत बसतं. तर कुणाच्या तरी चार चकरा वाचतील.

आधी आमचं थोडक्यात. मी आणि माझी जोडीदार, लेक तिला माऊ म्हणते म्हणून इथेही माऊच. लेक माझ्या पोटची, आयव्हीएफने झालेली, डोनर. 2021 च्या एआरटी कायद्यात, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्यात, 21 ते 50 वयाच्या एकट्या बाईला उपचार घेता येतात, पण जोडपं म्हणजे त्या कायद्याला फक्त नवरा-बायको माहीत, त्यामुळे पहिल्या कागदापासून मी 'सिंगल'. हॉस्पिटल, जन्मदाखला, आधार सगळं कसं झालं ते आता नीट आठवतही नाही. जन्मदाखल्यावर वडिलांची जागा रिकामी आहे आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं सुटलो.

मग आली शाळा. नाव लिहीत नाही, प्रायव्हेट आहे, बऱ्यापैकी चांगली आहे, लेकीला तिथेच राहायचंय.

ऑनलाइन फॉर्मचं दुसरं पान. वडिलांचं नाव, लाल स्टार. व्यवसाय, लाल स्टार. वार्षिक उत्पन्न, लाल स्टार. आणि वडिलांचा मोबाईल, ज्यावर ओटीपी जाणार, तो टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. आईच्या रकान्यांना स्टार नव्हते बरं का. आई ऐच्छिक!

शाळेच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या क्लार्कदादांनी मान वर न करता विचारलं, "डिव्होर्सचा कागद आणलाय?" म्हटलं लग्नच झालेलं नाही. "मिस्टर वारले का? मग डेथ सर्टिफिकेट लागेल." म्हटलं दादा, मिस्टर नाहीतच, नव्हतेच, डोनर आहे. आता मान वर झाली, आणि माझ्या मागच्या रांगेतल्या सगळ्यांचे कानही. मग त्यांनी आवाज खाली आणून, खरंच मदत करायच्या भावनेने सुचवलं, "असं करा ना ताई, तुमच्या वडिलांचं नाव टाका, बरेच जण टाकतात." म्हणजे कागदोपत्री माझी लेक माझी सख्खी बहीण.

मी नाही म्हटलं. मग त्यांनी स्वतःच माझ्यासमोर 'एनए' टाकून बघितलं, मोबाईल माझा. फॉर्म पुढे गेला! दोघंही खूश, आणि तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज, 'प्रिय श्री. एनए, आपल्या पाल्याचा अर्ज मिळाला आहे.' प्रिंट काढली तर त्यावर लेकीचं नाव, मध्ये एनए, मग आडनाव. दादा म्हणाले, "राहू द्या, नंतर बघू." इथे मी अडून बसले आणि त्याचा मला आजही अभिमान आहे, कारण 'नंतर बघू' हा प्रकार शाळेच्या बाबतीत नसतोच. फॉर्मवरचं नाव जनरल रजिस्टरला चढतं, तिथून बोनाफाईडवर, तिथून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आणि एकदा रजिस्टरला चढलेलं बदलायचं तर प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातो. माझी मुलगी दहावीला बोर्डाच्या फॉर्मवर 'एनए' म्हणून बसणार नाही, एवढं माझं ठरलेलं होतं.

मग मुख्याध्यापिका बाई. त्या खूप गोड बोलल्या. "आम्ही एकदम ओपन माइंडेड आहोत हं, आम्हाला काहीच प्रॉब्लेम नाही, फक्त सॉफ्टवेअर घेत नाही." हे वाक्य मला शिपायापासून ट्रस्टीपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. कुणालाच प्रॉब्लेम नाही, सॉफ्टवेअरला आहे! भांडायला समोर माणूस असला तर बरं पडतं, इथे सगळे चहा विचारत होते आणि काम जागचं हलत नव्हतं, सीट कन्फर्म करायची तारीख मात्र जवळ येत होती.

शेवटी फॉर्मच्या तळाशी त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा हेल्पलाइन नंबर होता तो लावला. तिकडचा मुलगा दोन मिनिटांत म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून काही कंपल्सरी नाहीये, ते शाळा ठरवते, अ‍ॅडमिन लॉगिनमधून टिक काढली की स्टार जातो." एक टिक! मी परत खिडकीवर. तर अ‍ॅडमिन लॉगिन ज्या मॅडमकडे त्या रजेवर, पासवर्ड दुसऱ्या कुणाला माहीत नाही, आणि माहीत असला तरी वरून लेखी आल्याशिवाय हात लावणार नाही, असं एकंदर वातावरण.

म्हणून मी लेखी दिलं. घरी माऊने ड्राफ्ट केलं, ती माझ्यापेक्षा थंड डोक्याची आहे. साध्या कागदावर, मराठीत, एक पान. मुद्दे असे: सर्वोच्च न्यायालयाने 6 जुलै 2015 च्या एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य या निकालात अविवाहित आईला वडिलांचं नाव उघड न करता पालकत्व मागता येतं असं म्हटलंय, आणि अशा आईच्या मुलाला फक्त तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्या असंही सांगितलंय. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये तर एआरटीने आई झालेल्या एकट्या बायकांसाठी वडिलांचा रकानाच नसलेला जन्मनोंदणीचा फॉर्म काढा असं त्या सरकारला सांगितलं. एआरटी कायद्यानुसार डोनरचे पालक म्हणून काहीही हक्क राहत नाहीत. मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव नाही, सबब शाळेच्या रेकॉर्डलाही लावू नये, आणि नाही जमलं तर तसं लेखी कळवावं. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तोंडी नाही म्हणायला कुणाचं काय जातं, लेखी नाही म्हणायला सही लागते.

दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का मारायलाही त्यांनी "साहेब आले की" केलं, मी बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी टिक निघाली. रजेवरच्या मॅडमना फोन गेला म्हणे.

हां, राहिलंच. लेकीच्या शाळेच्या आधीच पासपोर्ट काढायचा असेल तर काढून ठेवा, कारण तिकडे डिसेंबर 2016 पासून आईवडिलांपैकी एकाचंच नाव चालतं, आणि वडिलांचं नाव नसलेला केंद्र सरकारचा कागद हातात असला की इतर काउंटरवर आवाज आपोआप खाली येतो.

आणि 1 मे 2024 पासून लागू झालेला निर्णय. महाराष्ट्रात त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालं तेव्हा मला इतके अभिनंदनाचे फॉरवर्ड आले की विचारू नका. चांगलंच आहे, मी टाळ्याच वाजवल्या. पण क्रम काय, तर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. वडिलांची खुर्ची जागेवरच, आईला शेजारी स्टूल दिलं. आणि माझी लेक त्याआधीची.

बातम्यांचं असंच होतं आमच्या घरात. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाचा समलिंगी लग्नाचा निकाल आला तेव्हा चॅनेलवर रात्रभर संस्कृतीचं काय होणार यावर चर्चा, आम्ही दोघी मात्र दत्तकवाला भाग शोधत होतो. लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्ती एक, दत्तकाच्या मुद्द्यावर मात्र तीन विरुद्ध दोन, म्हणजे एका मताने माऊ बाहेर. जोडप्याला दत्तक घ्यायचं तर किमान 2 वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं, आणि लग्न तर करताच येत नाही, झालं की मग गोल गोल. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही खुल्या कोर्टात सुनावणी न होताच फेटाळली. मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका लेस्बियन मुलीच्या केसमध्ये लग्न हाच कुटुंब उभं करण्याचा एकमेव मार्ग नाही असं म्हटलं, ते पान मी फोनमध्ये ठेवलंय. खिडकीवर त्याचा उपयोग शून्य, पण रांगेत उभं असताना वाचायला बरं वाटतं.

तर अ‍ॅडमिशन झालं, वडिलांचा रकाना रिकामा, मी जिंकले. आणि मग पिकअप कार्ड. मुलीला न्यायला कोण येणार त्याचं फोटोवालं कार्ड असतं आणि त्यात नातं निवडायला यादी: वडील, आई, आजी, आजोबा, काका, मावशी, ड्रायव्हर, केअरटेकर, इतर. आई एकदा निवडली की दुसऱ्यांदा निवडता येत नाही. दादांनी तोपर्यंत मावशी टाकून एंटर मारलेलं. माऊ माझ्या शेजारी उभी. रात्री दीड वाजता तापाने फणफणलेल्या पोरीला खांद्यावर टाकून फेऱ्या मारणारी ती, आणि यादीत ड्रायव्हरला जागा आहे, तिला नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "इतर करा, आणि समोर पेनने आई लिहा." दादांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्यांचं.

माझ्या बाजूने सांगते, वडील नसण्याची लढाई सोपी होती. एकटी आई सगळ्यांना कळते, बिचारी म्हणून का होईना. दुसरी आई आहे म्हटलं की पंचाईत होते. त्यामुळे कागदावर माऊला जिथे घुसवता येईल तिथे घुसवा. इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये पहिला नंबर तिचा द्या. शाळेला आणि मुलांच्या डॉक्टरांना माझ्या सहीचं अधिकारपत्र दिलंय, माझ्या गैरहजेरीत ही निर्णय घेऊ शकते असं. कोर्टात ते किती टिकेल तो भाग वेगळा, पण रिसेप्शनवर टिकतं. मृत्युपत्र करा, खरंच करा, आज करा. हिंदू कायद्यात लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या आईला मृत्युपत्राने पालक नेमता येतो, 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचं कलम 9, वकिलाकडून नीट लिहून घ्या, माऊचं नाव त्यात स्पष्ट हवं. बँकेत जॉइंट अकाउंटला आढेवेढे घेतले तर ऑगस्ट 2024 चं अर्थ मंत्रालयाचं पत्रक दाखवा, जोडीदाराला नॉमिनीही करता येतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं राहिलं. वर्गाचे दोन ग्रुप आहेत, मॉम्स आणि डॅड्स. आम्ही दोघी मॉम्समध्ये आहोत, आणि डॅड्सवाल्या ग्रुपवर पार्किंगची माहिती आधी येते म्हणून माऊ तिकडेही घुसलीये.

पहिलीला शाळा बदलली तर हे सगळं परत करावं लागेल, म्हणून आवक शिक्क्याचं पत्र स्कॅन करून ठेवलंय. मुद्दे वर दिलेत तेच, नावं आणि तारखा तुमच्या टाका, आणि लेखी कळवावं ही ओळ काढू नका.