हारिमोतो लॉग, नोंद ६: चिकिता जमायला लागली, आता उघडा पडणारा फोरहँड

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नवीन कुणी असेल तर थोडक्यात सांगतो, जपानचा टेबल टेनिसपटू तोमोकाझु हारिमोतोच्या मॅचेस सुरुवातीपासून क्रमाने बघायच्या आणि त्यातली एखादी गोष्ट आठवड्यातनं तीन दिवस टेबलावर घासायची, असं चाललंय. या दीड महिन्यात २०१६ ते २०२४ झालं, सगळ्या मॅचेस नाही, मिळाल्या तेवढ्या.

आधी माझं सांगतो. सर मल्टीबॉलला (एकामागून एक बॉल टाकत करायचा सराव) फोरहँड साइडला आखूड, म्हणजे नेटजवळच पडणारे, बॅकस्पिन टाकतात, मी पाय आत घालून बॅकहँडने फ्लिक करतो, हीच चिकिता, ५० पैकी ३० च्या आसपास पडतात आता, पहिल्या आठवड्यात १२ पडत होते. फरक पडला तो कोपरामुळे. मी मनगटाच्या नादात कोपर खालीच ठेवत होतो. हारिमोतोचं स्लो मोशनमध्ये बघा, बॉलपाशी पोचतानाच कोपर वर आलेलं असतं, बॅटचं टोक स्वतःच्या पोटाकडे वळलेलं, आणि तिथून हात नुसता उलगडतो. शिवाय बॉल तो उसळीच्या वरच्या टोकाला घेतो, मी खाली यायची वाट बघायचो म्हणून नेटमध्ये जायचे. हा शॉट चेक रिपब्लिकच्या पेत्र कोर्बेलचा मानतात, चीनच्या झांग जिकेने तो सगळ्या जगाला शिकायला लावला आणि या पोराने तो लहानपणापासूनच असा मारलाय जणू साधा पुशच (बॉल नुसता ढकलणं) आहे.

लहानपण म्हणजे खरंच लहानपण. जन्म २७ जून २००३ चा, सेंदाई शहरातला. आईवडील दोघंही चीनमधल्या सिचुआनचे, दोघंही खेळाडू आणि नंतर कोच, आई तर १९९५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये चीनकडून खेळलेली. दोन वर्षांचा असल्यापासून हातात बॅट. २०१४ मध्ये जपानचं नागरिकत्व घेतलं तेव्हा झांगचं हारिमोतो झालं, म्हणजे आडनावाच्या चिनी अक्षरापुढे एक अक्षर जोडलं. पहिलं नाव लिहायला तेच राहिलं, चिनीत झिहे वाचतात ते जपानीत तोमोकाझु. मला हे फार आवडलं, का ते सांगता येणार नाही.

मग २०१६ ला केप टाउनमध्ये तेराव्या वर्षी ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन. २०१७ ला ड्युसेलडॉर्फच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दुसऱ्याच राउंडला जपानच्याच जुन मिझुतानीला ४-१ ने हरवलं, तोच मिझुतानी ज्याने वर्षभर आधी रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल्सचं ब्राँझ आणलं होतं. ऑगस्टमध्ये चेक ओपनच्या फायनलला जर्मनीच्या टिमो बोलला हरवलं. जानेवारी २०१८ ला ऑल जपानच्या फायनलला परत मिझुतानी, आणि चौदाव्या वर्षी देशाचा चॅम्पियन! जूनमध्ये किताक्युशूला जपान ओपन, क्वार्टरफायनलला चीनचा मा लाँग, फायनलला झांग जिके, दोघांनाही हरवलं. मा लाँगची मॅच मी चार वेळा बघितली. टेबलाला चिकटून उभा, मागे हटतच नाही, आणि प्रत्येक पॉइंटनंतर ती "चो-रे" आरोळी, पहिल्यांदा बघताना मला ती कानात जायची, आता ती नसली की काहीतरी बिघडलंय असं वाटतं. डिसेंबरला इंचॉनमध्ये वर्षअखेरची ग्रँड फायनल्स स्पर्धाही जिंकला, पंधरा वर्षांचा होता.

इथपर्यंत बघून मला वाटलेलं, बॅकहँड असा असेल तर बाकी काय लागतं? याचं उत्तर २०१९ मध्ये मिळतं. बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये कोरियाच्या आन जेह्युनकडून हरला. सप्टेंबरमध्ये योग्यकार्ताच्या एशियन चॅम्पियनशिपमध्ये आपल्या साथियनने त्याला टीम मॅचमध्ये हरवलं, भारताने ती टाय (दोन टीममधली लढत) घालवली हे खरं पण ही मॅच मिळाली तर जरूर बघा. कारण माझ्या लक्षात आलं ते असं. फोरहँडला आलेला आखूड बॉलही तो बॅकहँडनेच घ्यायला जातो, त्यासाठी सगळं शरीर टेबलात आत आणि उजवीकडे जातं, मग पुढचा बॉल लांब फोरहँडला किंवा सरळ कोपरावर आला की परत फिरायला वेळच नसतो. मोठ्या प्लेयर्सना हे कळलं होतं, तिथे ते त्याला सारखे ओढत होते. म्हणजे ज्या शॉटने त्याला वर नेलं त्याच शॉटच्या मागे भगदाड होतं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये स्लोव्हेनियाच्या दार्को योर्गिचकडून ३-४ ने गेला, प्री-क्वार्टरला. टीमचं ब्राँझ मिळालं. पण २०२२ ला चेंगदूच्या टीम वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलला चीनच्या वांग चुचिन आणि फान झेंडाँग दोघांना एकाच दिवशी हरवलं, चीनमध्ये जाऊन, तरी जपान २-३ ने हरलं. त्या मॅचेसमध्ये फोरहँड वेगळा दिसतो. स्विंग छोटा झालाय, आणि चिकिता मारून झाल्या झाल्या डावा पाय मागे येतो, बॉल पलीकडे पडायच्या आत.

पॅरिस ऑलिंपिक बघायला मला तीन दिवस लागले, एका बैठकीत बघवेना. क्वार्टरफायनलला फानविरुद्ध पहिला गेम ११-२, दुसराही घेतला, आणि शेवटी सातव्या गेममध्ये हरला. टीम सेमीफायनलला स्वीडनविरुद्ध जपान २-० पुढे, निर्णायक मॅच अँटन केलबर्गशी, त्यातही हा २-० पुढे, आणि तीही गेली. ब्राँझसाठी फ्रान्सशी खेळले तीही २-३. एकवीस वर्षांच्या पोरावर एवढं सगळं आठ-नऊ दिवसांत. आणि दोनच महिन्यांनी अस्तानाला एशियन चॅम्पियनशिपच्या फायनलला चीनच्या लिन शिदाँगला हरवून सिंगल्सचं गोल्ड, जपानी पुरुषाला ते ५० वर्षांनी मिळालं. मी तेव्हा रात्री एकटाच खुर्चीतनं उठून टाळ्या वाजवत होतो.

बॅटचं दोघांनी विचारलं होतं. त्याच्या नावाने इनरफोर्स एएलसी ही बॅट निघालेली आहे, फायबर आतल्या गाभ्याला लागून असतं त्यामुळे हलक्या टचला लाकडासारखी वाटते. मी अजून घेतलेली नाही, सर म्हणाले आधी पाय नीट कर.

तर या महिन्याचं ड्रिल तेच आहे, आखूड बॉलवर चिकिता आणि लगेच लांब फोरहँडला एक बॉल. काल पहिल्यांदा केलं, २० जोड्यांपैकी दुसरा बॉल ६ वेळा मिळाला, बाकीच्या वेळी मी अजून टेबलातच होतो. सोमवारी डाव्या पायाच्या जागी जमिनीवर टेप लावून बघणार आहे. चेंगदूच्या त्या दोन मॅचेसचं मागच्या कॅमेऱ्याचं शूटिंग कुणाकडे असेल तर सांगा, पाय नीट बघायचेत.