डनोलीचा लाल उतार: नाण्यांसाठी मेटल डिटेक्टर घेण्याआधी हे वाचा

"बारा इंचांवरचं नाणं आरामात पकडतं," असं दुकानदाराने सांगितलं, काउंटरवर करून दाखवलं आणि मी त्या मेटल डिटेक्टरचे ६४० डॉलर मोजले. डनोलीजवळच्या लाल उतारावर त्याच मशीनला आम्हीच तीन इंचांवर पुरलेलं नाणं सापडलं नाही. पाच दिवसांची सहल होती, त्यातले दोन दिवस या एका गोष्टीने खाल्ले. म्हणून इथे जास्त त्याबद्दलच लिहितो आहे.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो. भावजी ॲडलेडहून गाडी चालवत आले. ते काही वर्षं किनाऱ्यावर नाणी शोधतात, मी या छंदात नवा. डनोली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातच, मेलबर्नहून साधारण अडीच तासांवर आहे. १८५०च्या दशकात सोन्यासाठी हजारो माणसं या भागात तंबू ठोकून राहिली. शेजारच्या मोलियागुलला ५ फेब्रुवारी १८६९ रोजी 'वेलकम स्ट्रेंजर' हा ७० किलोंहून जड सोन्याचा गोळा मिळाला. तोही जमिनीच्या जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खाली, झाडाच्या मुळाशी. जिथे इतकी माणसं राहिली तिथे त्यांच्या खिशातून नाणीही पडली असणार, एवढाच आमचा हिशोब. पहिला दिवस बॅलरॅटमध्ये फिरण्यात गेला. छान गेला, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर पोचलो. मेंढ्यांचं कुरण, मालकाची लेखी परवानगी, मिळेल त्यातलं अर्धं त्याचं. त्याच्या आजोबांच्या काळी तिथे घोड्यांच्या शर्यती भरायच्या. शर्यतीचं मैदान म्हणजे पैसे हातात घेऊन उभी असलेली माणसं. जागा उत्तम होती. पण मैदानाकडे उतरणारा तीनशे मीटरचा पट्टा लाल मातीचा, आणि त्यात सगळीकडे लोहखडकाची काळपट खडी. मी रत्नागिरीचा. तो रंग बघून मला घरचा जांभा आठवला आणि बरं वाटलं. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं, कारण तो रंग लोखंडाचा असतो.

मशीन चालू केलं आणि तव्यावर मोहरी तडतडावी तसं वाजायला लागलं. उजवीकडे नेलं तरी वाजतंय, डावीकडे नेलं तरी वाजतंय, जमिनीपासून वीतभर वर धरलं तरी वाजतंय. दोन तासांत सतरा खड्डे खणले. बारांत काहीच नव्हतं. चारांत गरम खडे निघाले, म्हणजे लोहयुक्त दगड, जे मशीनला धातूसारखे भासतात. एकात काडतुसाची टोपी. सेन्सिटिव्हिटी कमी केली की मशीन गप्प बसायचं, पण मग खाली काही असलं तरी गप्पच. भावजी म्हणाले, "अरे, तू ऐकतोयस तो आवाज मातीचा आहे. नाण्याचा नाही." मी ऐकलं नाही. सहाशे चाळीस डॉलर दिले होते.

शेवटी त्यांनी खिशातलं जुनं पेनीचं नाणं काढलं. खुरप्याने बाजूने फट पाडून ते तीन इंचांवर आडवं सरकवलं आणि माती दाबली. पेनी म्हणजे तीस मिलिमीटरचं ब्राँझचं मोठं नाणं, बारीक चांदी नव्हे. माझं मशीन त्यावरून पाच वेळा गेलं. एकदाही असा आवाज आला नाही की मी तिथे खणलं असतं.

दुकानात काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं. तिथे नाणं हवेत धरून कॉइलसमोर, म्हणजे मशीनच्या जमिनीवर फिरवायच्या चकतीसमोर, हलवलं होतं. हवेत लोखंड नसतं. इथे कॉइल जे क्षेत्र जमिनीत सोडते त्याला आधी मातीतले मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट या लोखंडी खनिजांचे कण उत्तर देतात, आणि त्या कोलाहलात नाण्याचा बारीक आवाज बुडून जातो. माझ्या मशीनचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच पक्का केलेला, तो बदलायची सोय नाही. म्हणजे मशीनला 'ही माती अशी आहे, हिच्याकडे दुर्लक्ष कर' असं सांगताच येत नाही. वर मी हौसेने मोठी कॉइल लावून घेतली होती. मोठी कॉइल जास्त खोल जाते हे सौम्य मातीत खरं आहे. लाल मातीत ती एका वेळी जास्त माती बघते, म्हणून जास्त गोंधळते. हे दुकानात कोणी सांगितलं नाही. मी डनोलीला जाणार आहे हे मात्र मी दोनदा सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी मी दुसरी चूक केली. जवळच्या एका गावात भाड्याने पल्स इंडक्शन मशीन मिळत होतं. दिवसाचे ११० डॉलर ठरले, आणि हातात देताना आणखी ४५ 'विम्याचे' म्हणून लावले. पावतीवर विम्याची एक ओळ नव्हती. भाड्याने घेताना एकूण आकडा, अनामत आणि परत द्यायची वेळ आधी कागदावर लिहून घ्या. आम्ही संध्याकाळी सव्वापाचला परत दिलं तर अर्धा दिवस जास्तीचा मागितला. भावजी मध्ये पडले म्हणून तो वाचला.

पल्स मशीन त्या मातीत शांत चाललं, हे कबूल करतो. ते कॉइलमधून चुंबकीय झटका जमिनीत सोडतं आणि मातीचा प्रतिसाद विझेपर्यंत काही मायक्रोसेकंद थांबून मग ऐकतं. सोनं शोधणारे तेच वापरतात आणि बरोबर करतात. पण नाण्यांसाठी ते घेऊ नका. लोखंड आणि चांदी त्याला नीट वेगळी सांगता येत नाहीत. जिथे माणसं राहिली तिथे नाण्यापेक्षा खिळे शंभरपट. तिसऱ्या दिवशी सात तासांत मी ४१ खिळे, कुंपणाच्या तारेचे तुकडे आणि घोड्याचा अर्धा नाल काढला. काही खिळे फूटभर खोल होते. त्या चिकणमातीत फूटभर खड्डा म्हणजे काय ते खणल्याशिवाय कळणार नाही. रात्री मला चमचा धरवत नव्हता.

चौथ्या दिवशी मी मुकाट्याने भावजींचं मशीन मागितलं. त्यांचं इक्विनॉक्स ८०० आहे, मिनलॅबचं. ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालतं आणि मातीचा प्रतिसाद त्यातून वेगळा काढतं. त्याहून महत्त्वाचं, भावजींनी मूळची अकरा इंची कॉइल काढून सहा इंची लावली. उतारावर स्वच्छ जागा बघितली, कॉइल जमिनीवर वर-खाली करत आवाज शांत होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स केला. सेन्सिटिव्हिटी खाली आणली. वीस-पंचवीस पावलांवर मातीचा रंग बदलला की पुन्हा बॅलन्स. दुसऱ्या दिवशीची पेनी परत तीन इंचांवर घातली. पहिल्याच फेरीत स्पष्ट, गोल आवाज, पडद्यावरचा आकडा स्थिर.

आणि मग पावणेअकराला, उताराच्या अगदी मध्यावर, जिथे मी दुसऱ्या दिवशी तीन रिकामे खड्डे खणले होते त्यापासून दोन पावलांवर, एक बारीक पण न हलणारा आवाज आला. नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवलं. आकडा तोच. खिळा असता तर दुसऱ्या दिशेने आकडा पळाला असता किंवा आवाज तुटला असता. चार इंचांवर एक पातळ गोल कड दिसली. चांदी मातीतून काळी पडून निघेल असं वाटलं होतं, पण ती पांढरीशुभ्र निघाली. सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनींचं जुनं नाणं, १९१७, सालाखाली मेलबर्न टांकसाळीचा बारीक 'एम'. १९ मिलिमीटर, तीन ग्रॅमही नाही. मी गुडघ्यावर बसूनच राहिलो. भावजींनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आधी खड्डा बुजव." संध्याकाळपर्यंत आणखी एक थ्रीपेन्स आणि चार पेनी मिळाल्या.

आता माझं मत, आडपडदा न ठेवता. लाल माती, लोहखडक किंवा बेसाल्ट असेल तर पक्क्या ग्राउंड बॅलन्सचं एकफ्रिक्वेन्सी मशीन कोणी फुकट दिलं तरी नेऊ नका. मेलबर्नच्या पश्चिमेची आपली वस्ती बेसाल्टच्याच पठारावर आहे, त्यामुळे मागच्या अंगणातही हाच प्रकार. खोलीचा आकडा विचारूच नका. विचारायचं ते एवढंच: ग्राउंड बॅलन्स हाताने करता येतो का, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी चालतात का, आणि लहान डबल-डी (आत पाठीला पाठ लावलेली दोन डी आकाराची वेटोळी असलेली) कॉइल मिळते का. तिन्हींना 'हो' असेल आणि पैसे उरले तर पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारी हातातली छोटी कांडी, घ्या. मोठी कॉइल घेऊ नका.

जाण्याआधी साधं लोहचुंबक पिशवीत घालून मातीत फिरवा. लहानपणी आपण वाळूतून लोखंडाचा कीस गोळा करायचो तसंच. पिशवीला काळी दाढी आली की जमीन वाईट आहे हे पक्कं. आणि स्वतःचं एक नाणं चार इंचांवर घालून बघितल्याशिवाय दिवस सुरू करू नका. दहा मिनिटं लागतात. माझे दोन दिवस वाचले असते.

उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर ते फेब्रुवारीत, जाऊ नका. माती विटेसारखी होते आणि गवतात ब्राउन स्नेक असतात. आम्ही मे महिन्यात गेलो, दोन दिवस आधी पाऊस झाला होता, तरी खुरपं दोनदा वाकलं. जंगलात जुन्या खाणींचे उघडे कूप आहेत, काहींवर पाला पडून तोंड झाकलेलं. नजर मशीनच्या पडद्यावर ठेवून मागे-मागे चालू नका.

कायद्याबद्दल एकच, पण नीट वाचा. व्हिक्टोरियात सोनं-खनिजं शोधायला 'मायनर्स राइट' हा परवाना घ्यावा लागतो, तो १० वर्षं चालतो, पण तो खनिजांसाठी आहे. त्याच्या जोरावर जुनी धुराडी, घरांचे चौथरे, झोपड्यांचे अवशेष खणता येत नाहीत. ७५ वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय जागांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे. शंका आली की ती जागा सोडा. आणि गावाकडून "येताना मशीन घेऊन ये, गडावर फिरवू" असे फोन येतात, मलाही आले. मी स्पष्ट नाही म्हणतो. संरक्षित किल्ल्यावर खणणं गुन्हा आहे, आणि आपल्याकडे १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं हे एकदा पुसलं गेलं की कोणालाच परत सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी किनाऱ्यावर दोन तास घालवले. ओल्या खाऱ्या वाळूतही माझं जुनं मशीन तसंच तडतडलं, भावजींचं चाललं. एक-दोन डॉलरची नाणी मिळाली.

सिक्सपेन्स शेतकऱ्याने ठेवली. वाटणीत पहिली निवड त्याचीच ठरली होती आणि त्याच्या आजोबांच्या मैदानातली होती. थ्रीपेन्स माझ्याकडे आहे. उताराचा वरचा अर्धा भाग अजून बाकी आहे. पुढच्या जूनमध्ये, माती ओली असताना, सहा इंची कॉइल घेऊन जाणार आहे.