पेढे कधी वाटायचे?

आईने सांगलीत तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे फोनवर "जेवलीस का" वरून "किती पडले" वर यायला तिला अर्धं मिनिट पुरतं. दोन वर्षांपूर्वी लेकीने तिला सांगितलं, "आजी, अल्जिब्रात ८७ टक्के आहेत, पण अजून झालं नाही."

"झालं नाही म्हणजे? पेपर राहिलाय का?"

पेपर राहिला नव्हता. आम्ही ओहायोतल्या कोलंबसला राहतो आणि लेक मेट्रो अर्ली कॉलेज हायस्कूलमध्ये जाते. तिथे ९० टक्क्यांच्या खाली क्रेडिटच मिळत नाही. नापासाचा शिक्का नाही, फक्त विषय उघडा राहतो. जिथे कच्चं आहे तेवढं पुन्हा शिकायचं, पुन्हा दाखवायचं. दहावीला इतिहासात ३८ मार्कांवर सुटलेल्या माझ्यासारखीला (आईसमोर आजही हा विषय निघत नाही) हे ऐकून घाम फुटला होता. इंजिनिअरिंगला तर एटीकेटीच्या पुण्याईवर वरच्या वर्गात गेलेय मी. अर्धवट राहिलेलं मागे टाकून पुढे जायची आपली सोय इथे नाही.

शाळेला फी नाही. प्रवेश सोडतीने, म्हाडाच्या घरांसारखा. त्यामुळे डोनेशन, ओळखी, मेरिट लिस्ट सगळंच बाद. ज्यांचा नंबर लागत नाही ते बिचारे हळहळतात, आणि त्यांचं चूक नाही. २००६ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि बॅटेल ही संशोधन संस्था यांनी मिळून ती सुरू केली. शाळेचा पाया पक्का झाला की मुलं अकरावी-बारावीच्या वयातच कॉलेजचे वर्ग करतात आणि बाहेरच्या संस्थांमध्ये जाऊन काम शिकतात.

बॅटेल म्हणजे काय हे आईला सांगायला मला एकच शब्द लागला. झेरॉक्स. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसाची कोरड्या छपाईची कल्पना कंपन्यांनी एकामागून एक परत पाठवली होती. १९४४ मध्ये बॅटेलने ती हातात घेतली आणि इथेच, कोलंबसात, तिच्यावर काम केलं. आपल्या तहसील कचेरीबाहेरची निम्मी दुकानं या गावाची देणेकरी आहेत! आईला हे फार आवडलं. तिला न आवडलेली गोष्ट म्हणजे नात "कोटाने जाते". ती समजली राजस्थानातलं कोटा, क्लासवालं. कोटा ही आमची सिटी बस आहे हे समजावण्यात एक अख्खा रविवार गेला.

तर ते ८७. अडलं होतं पूर्ण वर्ग पद्धतीत. रविवारी सकाळी, म्हणजे सांगलीच्या संध्याकाळी, लेकीने वही कॅमेऱ्यासमोर धरली. एक्स वर्ग अधिक सहा एक्स बरोबर सात. आईने चष्मा वर केला. "सहाचा निम्मा?" तीन. "त्याचा वर्ग?" नऊ. "मग नऊ कुठे मिळवलेस?" डावीकडे. "आणि उजवीकडे कोण मिळवणार, शेजारी?"

इतकंच चुकत होतं, दर वेळी. माझ्या शाळेत तेवढे मार्क कापले गेले असते, मी ८७ चे पेढे खाल्ले असते आणि नऊ जन्मभर एकाच बाजूला राहिले असते. आई मात्र हरखली नाही. म्हणाली, "बी.एड.ला ब्लूम आम्हीही घोकलाय. सगळी पोरं शिकू शकतात, वेळ द्या म्हणे. माझ्या वर्गात साठ होती. कुठून देऊ वेळ?" बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६८ मध्ये हे मांडलं, आणि आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरी गंमत पुढे झाली. अकरावीत लेकीने कॉलेजचा पहिला कोर्स घेतला. ओहायोत २०१५ पासून कॉलेज क्रेडिट प्लस योजना आहे. सरकारी शाळेतल्या मुलांना सरकारी कॉलेजात फी नाही, पुस्तकांचेही पैसे नाहीत. पण तिथे घड्याळ जुनंच. सत्र संपलं की ग्रेड लागते आणि ती कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमची बसते, पुढे कुठेही गेलात तरी. "झालं की दाखव" म्हणणाऱ्या शाळेतून आलेली पोर डिसेंबरात रात्री दोनपर्यंत जागत होती. मला माझी बारावी आठवली आणि चहा करून देण्यापलीकडे काही सुचलं नाही.

बी प्लस मिळाली. ती हिरमुसली होती. आजीला म्हणाली, "आता हे बदलता येणार नाही."

"बदलता येणार नाही?" आई एकदम सावरून बसली. "मग निकाल लागला म्हण की!"

आणि आमच्याशी बोलता बोलताच तिने शेजारच्या पोराला पेढे आणायला पिटाळलं.