पाऊण तासाच्या कामासाठी दिवसभराची रजा

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात सूचनावही वर्गावर्गातून फिरली. शालेय वेळेत कोणत्याही शिक्षकाला वैयक्तिक कामासाठी आवाराबाहेर जाता येणार नाही, काम असल्यास आदल्या दिवशी अर्ज देऊन पूर्ण दिवसाची किरकोळ रजा मंजूर करून घ्यावी, अर्ध्या दिवसाची रजा मिळणार नाही आणि अर्जात कारण सविस्तर लिहावे, असा त्या सूचनेचा आशय होता. इतरांप्रमाणे मीही खाली सही केली.

ही सूचना अकारण निघाली नव्हती, हे मला मान्य आहे. मधल्या सुट्टीत बाहेर पडलेले शिक्षक पाचवा तास सुरू झाला तरी परतलेले नाहीत आणि वर्गात गोंधळ चालला आहे, असे आमच्याकडे दोनतीनदा घडले होते आणि एका पालकांनी लेखी तक्रारही दिली होती. मुले वर्गात बसलेली असताना शिक्षकाने बाहेर असता कामा नये, याबद्दल माझे दुमत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या कर्तव्यांत नियमितपणा आणि वक्तशीरपणा सर्वांत आधी लिहिला आहे आणि तो योग्यच आहे. माझी हरकत आहे ती या सूचनेमुळे मुलांचे जे तास बुडतात, त्याला.

नोव्हेंबरात आईच्या हयातीच्या दाखल्याचे काम होते. वडील शासकीय नोकरीत होते, त्यामुळे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. कोषागाराकडून बँकेत यादी येते आणि नोव्हेंबर संपायच्या आत आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा करावा लागतो, नाहीतर पुढचे निवृत्तिवेतन अडकते. आईचा हात आता थरथरतो, सही जुन्या सहीशी जुळत नाही, म्हणून कोणीतरी सोबत लागते. बँक आमच्या शाळेपासून चालत पाच मिनिटांवर आहे. मंगळवारी माझा चौथा तास ऑफ असतो आणि त्याला लागूनच मधली सुट्टी येते. आधीची दोन वर्षे मी त्याच वेळात, हालचाल नोंदवहीत जाण्याची वेळ लिहून, हे काम करून आले होते आणि पाचव्या तासाची घंटा व्हायच्या आत वर्गात उभी होते.

या वेळी अर्ज दिला. कारण म्हणून ‘घरगुती काम’ लिहिले, तर ‘तपशील नमूद करावा’ असा शेरा होऊन अर्ज परत आला. तपशील लिहिला, रजा मंजूर झाली. त्या दिवशी बँकेतले काम पाऊण तासात आटोपले आणि दुपारी साडेबारा वाजता मी घरी बसून होते, कारण एकदा रजा टाकल्यावर शाळेत जाऊन उरलेले तास घेण्याची सोयच ठेवलेली नाही. दहावीला सोमवारी स्पर्शिका-छेदिका कोनाचे प्रमेय सुरू केले होते. आकृती काढून झाली होती, तीनपैकी पहिल्या शक्यतेची सिद्धता झाली होती आणि उरलेल्या दोन मंगळवारी घ्यायच्या होत्या. मंगळवारी त्या वर्गावर ज्या बाई गेल्या त्या मराठीच्या. त्यांनी मुलांना शांत बसवून शुद्धलेखन लिहायला दिले, याहून अधिक त्यांनी काय करावे? बुधवारी मी पुन्हा पहिल्या आकृतीपासून सुरुवात केली. त्या एका दिवशी माझे सहा तास गेले. ऑफ तासात जाऊन आले असते तर एकही गेला नसता.

शिक्षकांना सुट्ट्या भरपूर असतात, त्यांनी आपली कामे सुट्टीत करावीत, असे घरोघरी म्हटले जाते. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी असते हे खरे, पण ती आहे म्हणूनच इतर शासकीय कर्मचाऱ्यांना वर्षाला मिळणारी 30 दिवसांची अर्जित रजा शिक्षकांना मिळत नाही. शिवाय नोव्हेंबरचे काम मे महिन्यापर्यंत थांबत नाही. शाळा अकरा ते पाच, आणि बँक, तहसील, दुय्यम निबंधकांचे कार्यालय यांच्या वेळाही जवळपास त्याच. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून दुपार मोकळी मिळते, पण 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात आणि सरकारी कार्यालयांना तर शनिवारी सुट्टीच असते.

निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा आदेश आला की हेच तास निमूटपणे दुसऱ्यांकडे दिले जातात. शिक्षण हक्क कायद्यातच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांना मुभा आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या वेळी बदली तासांचा तक्ता दहा मिनिटांत तयार होतो, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे.

कारण सविस्तर लिहिण्याची अट मला अधिक लागते. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे राज्याच्या 1981 च्या रजा नियमांत स्पष्ट आहे आणि परीक्षेच्या दिवसांत मुख्याध्यापकांनी ती नाकारली तर मी वाद घालणार नाही. पण अर्ज कार्यालयात सर्वांसमोर टेबलावर पडून असतो. माझ्या एका सहकारी बाईंना तपासणीसाठी दर महिन्याला दवाखान्यात जावे लागत होते आणि दर महिन्याला तो आजार त्यांना कागदावर लिहावा लागला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी अर्ज देणेच सोडले आणि तपासणी पुढे ढकलली.

गेल्या आठवड्यात आम्ही सात जणांनी मुख्याध्यापक सरांना अर्ज दिला आहे. हालचाल नोंदवही पुन्हा सुरू करावी, महिन्यातून दोनदा, फक्त ऑफ तास आणि मधली सुट्टी मिळून जाण्याची परवानगी असावी, पुढचा तास चुकल्यास त्या दिवसाची अर्धी रजा धरावी आणि कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ एवढे पुरेसे मानावे, अशा आमच्या मागण्या आहेत. सरांनी अर्ज शांतपणे वाचला, अर्ध्या रजेच्या अटीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि तो संस्थेकडे पाठवतो असे सांगितले. संस्थेची बैठक दिवाळीआधी आहे. यंदाही नोव्हेंबरातला मंगळवारचा चौथा तास माझा ऑफच आहे.